मधले दोन

शर्टाच्या खिशातून तंगुसाचा तुकडा काढायचा, त्याचं एक टोक टेबलावरच्या शिंपल्याला टेकवायचं, दुसरं माझ्या चिंचोक्याला. मग तो ताणायचा, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "आडोसा हाय का न्हाय, ते पयलं बोल, बाय."

तंगूस म्हणजे मासे धरायच्या गळाला बांधतात ती नायलॉनची दोरी. शिंपला म्हणजे धनुष्यबाण घेतलेला राक्षस. आणि चिंचोका म्हणजे मी. हसू नका. चाळिशीला टेकलेली गणिताची मास्तरीण दर रविवारी दुपारी चिंचोका होऊन राक्षसांशी लढायची, हे आज माझं मलाच खरं वाटत नाही. पण नव्वद सालानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मीरा रोडच्या शांती नगरात खरं वाटावं असं एकूणच कमी होतं. रस्ते बिल्डरच्या नकाशात होते, जमिनीवर नव्हते. नळ होते, पण पाणी टँकरमधून यायचं. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट कुलूपबंद होते आणि जिन्यात बोललं की आवाज वरपर्यंत घुमायचा.

हा तंगूस ताणणारे गृहस्थ आमच्या समोरच्या दारात राहायचे. सगळी बिल्डिंग त्यांना अंकल म्हणायची, मीही तेच म्हणणार आहे. त्यांचं नाव मला चांगलं ठाऊक आहे. ते इथे लिहायचं नाही असं मी ठरवलंय, आणि का, ते तुम्हाला कळेलच.

अंकल मूळचे उत्तनचे, समुद्राकाठच्या ख्रिस्ती घरातले. उभी हयात मालवाहू जहाजांवर कोठारं सांभाळण्यात गेली. बायको लवकर वारली, मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावर गावचं घर धाकट्या भावाला देऊन टाकलं आणि इथे फ्लॅट घेतला. "गावात समद्यांना माझी दया येते," म्हणायचे. "हितं कोण वळखत न्हाय. बरं वाटतं." कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यांनी एक खोका आणला होता. त्यात नियमांचं फाटकं पुस्तक, वेगवेगळ्या आकारांचे फासे आणि एक वीस बाजूंचा फासा, जो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कुठल्यातरी बाईच्या कानातला डूल वाटला. जहाजावर काम थोडं आणि समुद्र फार, तेव्हा खलाशी हा खेळ खेळायचे.

खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत राहायचं. आलेखाच्या कागदावर किल्ला, जंगल, गुहा काढायची. कागद मी शाळेतून आणायचे, गणिताच्या बाईला आलेखाच्या कागदांचा हिशोब कोणी विचारत नाही. प्रत्येकाची एक सोंगटी. माझा चिंचोका. वरच्या मजल्यावरचे कांबळे टेलिफोन खात्यात लाइनमन होते, त्यांची सोंगटी तांब्याच्या तारेचा वळसा. तळमजल्यावरच्या हसुमतीबेनचा लाल मणी. अंकलना स्वतःची सोंगटी नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माजी कशाला? मी भिंत, मी वारा, मी राक्षस. मी समदीकडं हाय."

माझा नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर, रविवारी हमखास ड्युटी. म्हणून खेळ आमच्याकडे, जेवणाच्या टेबलावर. बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली, की मास्तरीणबाईंकडे रविवारी पत्ते पिसतात. हसुमतीबेनने जिन्यात उभं राहून खुलासा केला, "पत्ता नाय, पत्ता नाय! आमी फक्त माणसं मारते!" त्यानंतर कुजबुज थांबली.

आता आडोशाचं सांगते, कारण अंकल म्हणजे आडोसा. खेळात प्रत्येकाचा एक चिलखताचा आकडा असतो. समजा तुमचा बारा. समोरच्याने बाण सोडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बारा किंवा वर पडले तर बाण लागला, खाली पडले तर हुकला. पण तुम्ही कमरेएवढ्या भिंतीमागे असाल तर तो अर्धा आडोसा. तुमच्या आकड्यात दोन वाढवायचे. आता बाणाला चौदा लागतील. किल्ल्याच्या भिंतीतल्या जंगीतून, म्हणजे बाण मारायच्या भोकातून, नुसते डोळे बाहेर असतील तर तो पाऊण आडोसा, तिथे पाच वाढवायचे. आणि अख्ख्या भिंतीमागे असाल तर पूर्ण आडोसा. मग फासा टाकायचाच नाही. तुम्हाला कोणी नेमच धरू शकत नाही.

हे ऐकल्याबरोबर हसुमतीबेनने आपला लाल मणी किल्ल्याच्या सर्वांत जाड भिंतीमागे नेऊन ठेवला आणि तिथून जाहीर केलं, "मी इथूनच बाण मारते ने!"

"न्हाय मारता येत," अंकल म्हणाले.

"केम?"

अंकलनी तंगूस लाल मण्यापासून शिंपल्यापर्यंत ताणला. मध्ये भिंत. "हे बग. त्याचा बान तुला लागत न्हाय, तर तुजा त्याला कसा लागंल? पुऱ्या आडोशातून कोनी मरत न्हाय आनि कोनाला मारता बी येत न्हाय. नुस्तं बसायचं."

"मग बसते," हसुमतीबेन म्हणाली आणि खरंच बसली. तिने तो अख्खा रविवार भिंतीमागे काढला. मी आणि कांबळे जीव तोडून लढत होतो, ही बाई ढोकळा खात होती. शेवटी तिचीच तिला शरम वाटली म्हणा, की कंटाळा आला म्हणा, तिने मणी पुढे सरकवला आणि पहिल्याच बाणात राक्षस पाडला. अंकल इतके खूश झाले की उठून त्यांनी तिला सलाम ठोकला.

एकदा कांबळेंनी आपली सोंगटी पडद्याआड लपवली. तेव्हा अंकलचा आवाज जरा चढला. "लपनं येगळं, आडोसा येगळा. पडद्यानं दिसत न्हाय, बान थांबत न्हाय." मग बराच वेळ फासा हातात घोळवत बसले. आखातात दोन देशांची लढाई चालू असताना त्यांच्या जहाजावर छोट्या होड्यांतून गोळीबार झाला होता. यांचा मदतनीस पोरगेलासा केरळी माणूस होता, तो भांडारघरातल्या फळीच्या भिंतीमागे बसला. "त्याला वाटलं भिंत हाय," एवढंच अंकल म्हणाले. पुढचं आम्ही विचारलं नाही. त्या दिवशी खेळ तिथेच थांबला आणि चहा झाला.

तेव्हापासून मला त्यांच्या सवयी दिसायला लागल्या. एखादी गोष्ट कळली की ती मग सगळीकडे दिसते, तुमचंही तसंच होत असेल. हॉटेलात ते कायम खांबाला पाठ लावून बसायचे. भाजीवाल्याकडे उभे राहिले तरी हातगाडी रस्त्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवायचे. माझ्या घरात त्यांची खुर्ची ठरलेली, पाठीला लोखंडी कपाट, समोर दार. मी चेष्टा करायचे, "अंकल, इथे कोण बाण मारतंय तुम्हाला?" ते म्हणायचे, "कोन न्हाय. तवाच सवय करायची असते." आम्ही हसायचो. हसायचं सोडून दुसरं काय करणार?

पण नियमातला नियम मला शिकवला तो कांबळेंनी. एका लढाईत भिंत नव्हती, झाड नव्हतं, काही नव्हतं. कांबळेंनी तारेचा वळसा उचलला आणि सरळ माझ्या चिंचोक्यामागे ठेवला. "वहिनी आहेत की! वहिनींचा आडोसा."

"चालतो," अंकल म्हणाले. "मानूस मदी आला तर आडोसा हायच. पन मानसाचा आडोसा अर्धाच धरायचा. मानूस भिंत न्हाय." फासा टाकला. पडले तेरा. कांबळेंचा आकडा बारा, अर्ध्या आडोशाने चौदा.

"हुकला!" कांबळेंनी टाळी वाजवली.

"हुकला न्हाय. बारा गाठलं, चवदा न्हाय गाठलं. म्हंजे बान तुज्याकडंच येत व्हता, वाटेत थांबला. मधले दोन कोनाचे?" अंकलनी माझा चिंचोका बोटाने आडवा पाडला. "आडोशाचे. बान कुठंतरी जातोच, बाय."

मला खरंच राग आला होता. एका चिंचोक्यासाठी मी कांबळेंशी आठवडाभर नीट बोलले नाही. कांबळेंच्या बायकोने, शोभाने, मला जिन्यात गाठून विचारलं, "ताई, ह्यांनी काय केलं हो तुम्हाला?" काय सांगणार, की तुझ्या नवऱ्यामुळे मला बाण लागला?

पुढे एकदा कामाच्या दिवशी अंकल काशीमीऱ्याला गेले होते. भावाचा टेम्पो तिथल्या एका गॅरेजात दुरुस्तीला टाकला होता. दुरुस्ती व्हायची होती म्हणून ते समोरच्या हॉटेलात चहा घेत बसले, अर्थातच खांबाला पाठ लावून. त्या दुपारी गॅरेजच्या मालकाला त्याच्या दारातच गोळ्या घातल्या गेल्या. हायवेला ट्रकांची रांग होती. लोकांना आधी वाटलं टायर फुटला.

ते सगळं अंकलनी आम्हाला त्यानंतरच्या रविवारी सांगितलं. फासे खोक्यातच होते.

"समदे टेबलाखाली गेले," ते म्हणाले. "मी बगत राह्यलो. सवय. गोळी कुठनं आली, मारनाऱ्याला आडोसा कशाचा. ट्रकचं बोनेट व्हतं. पाऊन आडोसा. गळ्याखाली त्याचं काय बी दिसत न्हवतं."

"आणि वर?" कांबळेंनी विचारलं.

"वर चेहरा. गोळी मारायची तर बगाय लागतं. जो बगतो तो दिसतो."

"पछी?" हसुमतीबेनचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

अंकलनी खिशातून तंगूस काढला. एक टोक स्वतःच्या डोळ्यापाशी धरलं, दुसरं लांब हात करून हवेत. "ही हितून तिथं जेवडी सरळ हाय, तेवडीच तिथून हितं."

म्हणजे त्या माणसानेही यांना पाहिलं होतं.

पोलिसांना त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. हॉटेलात माणसं पुष्कळ होती, पण चेहरा पाहिलेला एकच. पुढे आरोपी सापडला, अंकलनी त्याला ओळखलंही, आणि खटला ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला. अंकलनी साक्ष दिली तर तो माणूस आत जाणार, नाही दिली तर सुटणार. गोष्ट इतकी साधी होती. आणि साक्षीची तारीख जवळ यायला लागली तसा आमच्या बिल्डिंगसमोर एक मोटारसायकलवाला दिसायला लागला.

पानाच्या टपरीजवळ गाडी लावायचा आणि तिच्यावर बसून राहायचा. पान खायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही. शाळेतून येताना मी त्याच्याकडे रागाने बघायचे, तर तो मला नमस्कार करायचा. एकदा त्याने टँकरच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईची कळशी उचलून दिली. मी अंकलना म्हटलं, "निदान लपून तरी बघावं त्याने! उघड्यावर काय बसतो?"

"त्यालाच तर भ्यायचं," अंकल म्हणाले. "जो आडोसा घेतो त्याला आपली भीती असते. ह्याला न्हाय."

बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्याकडे होता. एके दुपारी तो वाजला. अतिशय सभ्य आवाज. "मॅडम, अंकल को बोलिए, तबियत सँभालें. इस उमर में कोर्ट-कचहरी अच्छी नहीं." मी विचारलं, कोण बोलतंय. तो म्हणाला, "आप लोग संडे को साथ बैठते हैं ना? अच्छा है. अकेला आदमी जल्दी बीमार पड़ता है." आणि माझी शाळा सुटण्याची वेळ मला सांगून त्याने फोन ठेवला. मी त्या दिवशी भाजी करपवली आणि करपलेलीच नवऱ्याला वाढली.

अंकलनी आता बाहेर जाणं सोडलं. दार आतून बंद, खिडक्या बंद. पोलिसांनी एक शिपाई द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, वर्दी उभी केली की लांबूनसुद्धा कळतं मी कुठे आहे. दूध, पाव, भाजी आम्ही नेऊन द्यायचो. रविवारी दोन पावलांवरच्या माझ्या घरात येतानाही ते आधी जिन्यात कानोसा घ्यायचे. गोष्ट सांगायचे, पण राक्षस मरगळलेले, किल्ल्यांना दारं नाहीत. हसुमतीबेनने एकदा सरळ विचारलं, "अंकल, जाणार ने कोर्टात?" ते म्हणाले, "सध्या भिंतीमागं हाय." तेवढंच.

एक गोष्ट मात्र त्यांना सोडवत नव्हती, रविवारची सकाळची प्रार्थना. आठवड्यामागून आठवडे चर्च चुकलं तसे ते आजारी दिसायला लागले. तेव्हा कांबळेंना ती कल्पना सुचली, आणि आमच्यासारख्या माणसांनाच ती सुचू शकते. आम्ही त्यांना मध्ये घ्यायचं. पुढे हसुमतीबेन, कारण तिचा आकार. एका बाजूला मी, रस्त्याच्या बाजूला कांबळे. चौघं मिळून चर्चला जायचं आणि यायचं. "माणसाचा आडोसा," कांबळे म्हणाले. अंकल नको नको म्हणत होते. आम्ही ऐकलं नाही. कुणाचं भलं करायचं डोक्यात घेतलं की माणूस बहिरा होतो.

पहिला रविवार छान गेला. चर्चमध्ये हसुमतीबेनने सगळ्यांबरोबर हात जोडले, उठली, बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "सरस! आपल्याकडे एवढी शांती नाय." अंकल परत येताना गुणगुणत होते. मोटारसायकलवाला टपरीजवळ नव्हता. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या रविवारी परत येताना, ऊन चांगलं वर आलेलं, मागून एक रिक्षा आली. हळूही नाही, जोरातही नाही. तिच्यातून सोड्याची बाटली आली. मला फक्त काच फुटल्याचा आवाज आठवतो आणि हसुमतीबेनचं ओरडणं. अंकलच्या अंगावर ओरखडाही नव्हता. कांबळे खाली बसले होते, दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि बोटांतून रक्त येत होतं.

आम्ही सगळं केलं होतं, जागा ठरवल्या, बाजू ठरवल्या. फक्त बाण कुठंतरी जातोच, हे विसरलो होतो.

डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, नजर गेली. डावा डोळा. दवाखान्यात पट्टी बांधलेले कांबळे उशीला टेकून बसले होते. अंकल पायथ्याशी उभे, हातात टोपी. शेवटी कांबळेच म्हणाले, आणि हसत म्हणाले, "अंकल, नियमाप्रमाणेच झालं. मधले दोन माझे."

अंकल रडले. साठी उलटलेला तो माणूस खाटेच्या कडेला धरून मोठ्यांदा रडला, वॉर्डातले लोक वळून बघायला लागले. मला त्या क्षणी कांबळेंचा राग आला. असं बोलू नये माणसाने, थट्टेतसुद्धा.

मी अंकलना बाहेर नेलं आणि सांगितलं, पुरे झालं, साक्ष देऊ नका, आठवत नाही म्हणा. कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. हसुमतीबेनचंही तेच मत. शोभा भिंतीला टेकून उभी होती. मराठवाड्यातल्या आपल्या गावाहून लग्न होऊन आलेली ती बाई, आमच्या खेळात कधी बसली नाही, आमचा खेळ तिला वेडेपणा वाटायचा. ती म्हणाली, "ताई, तुम्ही गप बसा. आता नाही गेले तर माझ्या नवऱ्याचा डोळा कशापायी गेला? आणि गेले तर उद्या आमच्या दारात काय येईल? ते मला सांगा आधी. दोन्हीकडून मीच मरते." तिने अंकलकडे बघितलंच नाही.

अंकल तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बराबर बोलली."

कांबळे घरी आल्यावर पहिल्या रविवारी अंकल खोका घेऊन आमच्याकडे आले. आम्हाला वाटलं होतं खेळ आता कायमचा बंद. "आज खेळू," म्हणाले. दाढी केलेली, पांढरा स्वच्छ शर्ट. त्यांनी कागदावर मोकळं मैदान काढलं, भिंत नाही, झाड नाही. पलीकडे शिंपल्यांची ओळ. अलीकडे आम्ही तिघं, चिंचोका, तारेचा वळसा, लाल मणी.

"अंकल, आडोसा?" कांबळेंनी विचारलं. डोळ्यावर पट्टी, तरी मान वाकडी करून कागद बघत होते.

"आज न्हाय."

मला एक गोष्ट तेव्हा दिसली. त्यांनी तंगूस ताणला, पण डावा डोळा मिटला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम बघितला. त्या दवाखान्यानंतर मी त्यांना एक डोळा मिटताना पाहिलं नाही.

खेळ सुरू होतो न होतो, तोच खाली टँकर आला. आठवडाभर पाणी नव्हतं, सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्याने धावत होती. आम्हीही उठलो. अंकल म्हणाले, "जावा तुमी. मी हाय हितं." पाणी भरून वर आलो तेव्हा ते दारात उभे होते, निघायच्या तयारीत. "कागद हलवू नको, बाय. पुन्यांदा खेळू तवा हितूनच." मी म्हटलं, मग मी जेवू कुठे? ते हसले. "जमिनीवर बस. जेवन गोड लागतं." त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. मघाच्या त्या स्वच्छ शर्टावर ते खटकलं, पण विचारायचं राहून गेलं. त्या कागदावर त्यांनी आधीच जुनं वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. मी ते तसंच राहू दिलं आणि आम्ही खरंच जमिनीवर जेवलो.

दुसऱ्या दिवशी साक्षीची तारीख होती, सकाळीच ते निघाले. आमच्यापैकी कोणालाही न सांगता, एकटे, आणि मागच्या फाटकाने नाही, पुढच्याने. टपरीवाल्याने नंतर सांगितलं, की मोटारसायकलवाला होता, अंकल त्याच्या समोरून गेले, थांबले, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगून म्हणाले, "मी ठाण्याला चाललोय. पुन्ना हितं राहनार न्हाय. हितं उभं राहून तुला काय भेटनार न्हाय." मग हात करून रिक्षा थांबवली. मोटारसायकल तिच्या मागोमाग गेली.

साक्ष झाली. सरकारी वकील म्हणाले, इतकी स्वच्छ साक्ष कधी ऐकली नव्हती. ट्रक कुठे, बोनेट केवढं, चेहरा किती दिसत होता, उलटतपासणीत एक अक्षर हललं नाही. तो माणूस आत गेला.

अंकल परत आले नाहीत. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना लोकांनी त्यांना पाहिलं, त्यापुढचं कोणीच सांगत नाही. आम्ही उत्तनला गेलो. त्यांचा भाऊ जाळं विणत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "न्हाय. हिकडं न्हाय आला." त्याची बायको आत रडत होती. ती काही जाणून रडत होती की न जाणून, मला कळलं नाही. पोलिसांत तक्रार दिली, चौकशा झाल्या. कोणी म्हणालं, जहाजावर चढले असतील, जुन्या ओळखी होत्या. कोणी दुसरंच म्हणालं, तेही मागे वळून बघत. म्हणून मी इथे त्यांचं नाव लिहीत नाही. ते कुठे असतील तर असू देत.

मोटारसायकलवाला पुन्हा दिसला नाही. फोनही आला नाही.

वर्तमानपत्र मी बऱ्याच दिवसांनी उचललं. खाली मैदान तसंच होतं. पलीकडे शिंपल्यांची ओळ, अलीकडे आम्ही तिघं, आणि मधल्या मोकळ्या घरात एक पांढरं बटण. चार भोकांचं, शर्टाचं, भोकांत दोरा तसाच अडकलेला. पहिल्या शिंपल्यापासून तंगूस त्या बटणापर्यंत आणून ठेवला होता. मी कांबळेंना आणि हसुमतीबेनला हाक मारली. हसुमतीबेनने तंगुसाचं टोक धरलं आणि आहे त्या दिशेने पुढे ओढलं. बटणाच्या मागे, एका सरळ रेषेत, आम्ही तिघं होतो.

कांबळे एका डोळ्याने ती रेषा बघत होते. "अर्धाच धरायचा ना?" ते म्हणाले. "माणसाचा आडोसा?"

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शांती नगरात रस्ते झाले, नळाला पाणी आलं, शोभाची मुलं मोठी झाली. आमच्यापैकी कुणाच्या केसालाही आजवर धक्का लागलेला नाही.